वाचकांचे प्रश्न : बंद पडलेल्या खात्यातले पैसे कोणाचे?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या तीन जिल्ह्यांतून अलीकडे आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. जुने खाते आहे, पासबुक हाताशी आहे, पण बँक पैसे देत नाही. काउंटरवर ‘खातं डॉर्मंट झालंय’ एवढे एकच वाक्य ऐकवले जाते आणि ते ऐकून घरी परतलेल्या माणसाच्या मनात पैसे बुडाल्याची धास्ती बसते. ती धास्ती निराधार आहे हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. खाते निष्क्रिय झाले म्हणून त्यातील रकमेवरचा खातेदाराचा किंवा त्याच्या वारसांचा हक्क एका रुपयानेही कमी होत नाही. मात्र तो हक्क बजावण्यासाठी काय करावे लागते आणि बँकेला काय करणे बंधनकारक आहे, हे नीट ठाऊक असले पाहिजे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७४ आहे. तालुक्याच्या गावी एका बँकेत तिचे बचत खाते आहे. पासबुक भरून घेतले तेव्हा दर तीन महिन्यांनी व्याज जमा झाल्याच्या आणि मधूनच एसएमएसचे पैसे कापल्याच्या नोंदी दिसल्या. तरीही ‘दोन वर्षे व्यवहार नाही’ असे सांगून पैसे काढण्याची स्लिप परत केली. नोंदी होत असताना व्यवहार नाही असे कसे म्हणता येईल? खाते चालू करायला दंड भरावा लागेल का? — एक वाचक, गुहागर

उत्तर : आपला प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, कारण पासबुकात छापलेली प्रत्येक ओळ आपल्याला व्यवहारच वाटते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ रोजी या विषयावर सुधारित सूचना काढल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून त्या सहकारी व ग्रामीण बँकांसह सर्व बँकांना लागू झाल्या. त्यांनुसार बचत किंवा चालू खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ‘खातेदाराने केलेला’ एकही व्यवहार झाला नाही तर ते खाते निष्क्रिय ठरते. बँक स्वतःहून जमा करते ते व्याज आणि स्वतःहून कापते ते शुल्क किंवा कर हे बँकेचे व्यवहार होत. आपल्या आईच्या पासबुकात पानभर नोंदी असल्या तरी त्यांपैकी एकही नोंद त्यांच्या हातून झालेली नाही, एवढाच याचा अर्थ.

उलट, खातेदाराचा व्यवहार म्हणून जे धरले जाते त्याची व्याप्ती पुष्कळांच्या समजुतीपेक्षा मोठी आहे. शंभर रुपये भरले, एटीएममधून पैसे काढले किंवा यूपीआयने वीजबिल भरले तर खाते चालू राहतेच. पण बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये यशस्वीपणे लॉग-इन करणे, नवे चेकबुक मागवणे, नॉमिनी बदलणे किंवा केवायसी (बँकेकडील ओळख व पत्त्याची नोंद) अद्ययावत करणे एवढ्यानेही ते चालू राहते. मुदत ठेवीचे व्याज या खात्यात जमा करावे अशी लेखी सूचना दिलेली असेल, तर तो व्यवहारही खातेदाराच्या इच्छेनेच झाला असे मानले जाते. प्रत्येक खात्याचा हिशेब मात्र स्वतंत्र असतो. एकाच शाखेत दोन खाती असतील आणि वापर एकाचाच होत असेल, तर दुसरे निष्क्रिय होऊ शकते.

आता दंडाविषयी. निष्क्रिय खाते पुन्हा चालू करण्यासाठी बँकेला कोणतेही शुल्क आकारता येत नाही. खाते निष्क्रिय असताना किमान शिल्लक नसल्याबद्दल दंड लावता येत नाही आणि बचत खात्यावरील व्याज नियमितपणे जमा करत राहावेच लागते. आईंच्या नावाने एक साधा अर्ज, आधार कार्ड, पॅन कार्ड (ते नसेल तर पॅन नसल्याचे जाहीर करण्याचा ठरावीक फॉर्म) आणि अलीकडचा फोटो शाखेत द्यावा. मोबाइल क्रमांक बदलला असेल तर त्याची नोंदही त्याच वेळी करून घ्यावी. कागदपत्रे पूर्ण असल्यास अर्ज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत खाते चालू झाले पाहिजे. म्हणूनच अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारखेसह पोच घेण्यास विसरू नये. पोच नसेल तर हे तीन दिवस कधीपासून मोजायचे हेच सिद्ध करता येत नाही. तोंडी विनंत्या करून महिनोनमहिने खेटे घालणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती असा कागद नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही अट मुळात कशासाठी, असा उपप्रश्न अनेक पत्रांत आहे. ज्या खात्याकडे कोणी पाहत नाही ते खाते लबाडीला सोयीचे असते. खोट्या सह्यांनी पैसे काढले जातात, कधी बँकेतील माणूसच सामील असतो. अशा गोष्टी घडू नयेत म्हणून निष्क्रिय खात्यातून खातेदाराच्या सूचनेशिवाय रक्कम काढू द्यायची नाही, आणि खाते पुन्हा चालू झाल्यावरही निदान सहा महिने त्यातील व्यवहारांवर लक्ष ठेवायचे, असे बँकांवर बंधन आहे. कळवण्याची सुरुवात मात्र बँकेने करायला हवी होती. वर्षभर व्यवहार न झालेल्या खात्यांचा दरवर्षी आढावा घेऊन, पुढील वर्षभरातही व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होईल, असे पत्राने, ईमेलने किंवा एसएमएसने कळवणे हे बँकेचे काम आहे. आपल्या आईंच्या खात्याला कोणता मोबाइल क्रमांक जोडलेला आहे हे एकदा तपासा. तो कित्येकदा मुंबईला असलेल्या मुलाचा जुना, केव्हाच बंद झालेला क्रमांक निघतो.

प्रश्न : माझे वडील गिरणीतून निवृत्त होऊन गावी आले. त्यांचे खाते लालबागच्या शाखेत आहे आणि ते निष्क्रिय झाले आहे. येथील शाखा म्हणते, मूळ शाखेतच जा. वडिलांना आता मुंबईचा प्रवास झेपत नाही. शिवाय खात्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत फरक आहे. — एक वाचक, राजापूर

उत्तर : मूळ शाखेतच जाण्याची सक्ती करता येत नाही. निष्क्रिय खाते चालू करण्यासाठी केवायसी अद्ययावत करण्याची सोय बँकेच्या सर्व शाखांत उपलब्ध असली पाहिजे, असे २०२४ च्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. ज्या बँकेत व्हिडिओ केवायसीची व्यवस्था आहे तिथे खातेदाराच्या विनंतीवरून तीही वापरता येते, आणि जून २०२५ मधील दुरुस्तीने बँक मित्रामार्फत, म्हणजे बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीमार्फत, केवायसी करून घेण्याचीही मुभा दिली आहे. सत्तर वर्षांवरील तसेच अपंग खातेदारांना मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलेले आहे. राजापूरच्या शाखेत अर्ज देताना हे सर्व सौम्य शब्दांत पण लेखी मांडा. अर्ज घेण्यास नकार मिळाला, तर नकाराचे कारण लिहून मागा.

नावातील फरकाचा मुद्दा खरा अडचणीचा आहे. आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वी उघडलेल्या खात्यांवर नुसते नाव आणि आडनाव असते, मध्ये वडिलांचे नाव नसते. स्त्रियांच्या बाबतीत खाते माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असते. लग्नामुळे नाव बदलले असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि अन्य कारणाने बदलले असल्यास राजपत्रातील नोंद जोडल्यावर जुन्या नावाचा कागद ग्राह्य धरला जातो. केवळ स्पेलिंगचा किंवा मधल्या नावाचा फरक असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र बँका सामान्यतः स्वीकारतात. सोबत जुने पासबुक, निवृत्तीच्या वेळचा एखादा कागद किंवा शिधापत्रिका असेल तर शाखाधिकाऱ्याला खात्री पटवणे सोपे जाते. सही पूर्वीसारखी येत नसेल तर तेही आधीच सांगावे, म्हणजे नवी सही किंवा अंगठा अधिकाऱ्यासमोर नोंदवून घेता येईल.

गणपतीसाठी मुंबईहून माणसे गावी येतात तेव्हा एक दिवस या कामासाठी राखून ठेवावा, असे मी या भागातील वाचकांना आग्रहाने सुचवीन. मोबाइल हाताळणारा मुलगा, सही करणारे वडील आणि घरातील जुने कागद त्या चार-आठ दिवसांत एकाच छपराखाली असतात.

प्रश्न : माझ्या मुलीचे शिष्यवृत्तीसाठी उघडलेले शून्य शिल्लक खाते आहे. गेल्या दोन-अडीच वर्षांत शिष्यवृत्ती आली नाही. आता ते खाते निष्क्रिय होऊन पुढची रक्कम परत जाईल का? — एक वाचक, देवगड

उत्तर : शिष्यवृत्तीसाठी किंवा केंद्र व राज्य सरकारच्या योजनांचे पैसे थेट जमा व्हावेत म्हणून उघडलेली शून्य शिल्लक खाती केवळ व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय ठरवायची नाहीत, अशी स्पष्ट सूचना आहे आणि त्यासाठी बँकांनी आपल्या संगणक प्रणालीत ही खाती वेगळी नोंदवून ठेवायची आहेत. आपल्या मुलीचे खाते त्या वर्गात नोंदलेले आहे ना, हे शाखेत विचारून घ्या. केवायसीची मुदत उलटली असेल तर ती वेगळी गोष्ट असून ती पूर्ण करावीच लागेल. आधार कोणत्या खात्याला जोडलेले आहे हेही त्याच फेरीत पाहा, कारण आधारच्या आधारे येणारी योजनांची रक्कम त्याच खात्यात जाते.

प्रश्न : मुलगा मस्कतला नोकरीला आहे. जाण्यापूर्वी तो पुण्यात नोकरी करत होता, तेव्हाचे पगाराचे खाते आता निष्क्रिय झाले आहे. त्याचे एटीएम कार्ड माझ्याकडे आहे. मी ते खाते चालू करून घेऊ शकते का? — एक वाचक, मंडणगड

उत्तर : ताई, त्याच्या वतीने आपल्याला ते चालू करता येणार नाही, आणि त्याचे कार्ड वापरून व्यवहार करणेही योग्य नाही. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या व्यक्तीने आपले येथील साधे बचत खाते अनिवासी रुपया खात्यात, म्हणजे ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यायचे असते. मंडणगड, दापोली, खेडपासून खाली राजापूरपर्यंत कितीतरी घरांतील माणसे आखातात किंवा बोटीवर आहेत आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांनी हे केलेले असते. व्हिडिओ केवायसीसाठी खातेदार भारतात असावा लागतो, त्यामुळे तो मार्ग मस्कतहून चालणार नाही. मात्र पासपोर्ट, व्हिसा व पत्त्याच्या कागदांच्या प्रती तेथील भारतीय दूतावासाकडून, नोटरीकडून किंवा भारतीय बँकेच्या परदेशातील शाखेच्या अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून त्याला बँकेकडे पाठवता येतात. एनआरओ खाते सुरू झाल्यावर त्याने आपल्या नावे मुखत्यारपत्र दिले, तर घरखर्चाचे येथील रुपयांतील व्यवहार आपण रीतसर करू शकाल. खात्याची गरजच उरली नसेल, तर शिल्लक दुसऱ्या खात्यात वळती करून ते बंद करण्यास तो सांगू शकतो.

प्रश्न : माझे यजमान वारले. त्यांच्या ट्रंकेत एका ग्रामीण बँकेचे आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेचे अशी दोन पासबुके आणि एका मुदत ठेवीची पावती मिळाली. पावतीची मुदत बारा वर्षांपूर्वीच संपली आहे. दोन्ही बँकांच्या त्या नावांच्या पाट्या आता कुठेच दिसत नाहीत. एका ठिकाणी तर ‘दहा वर्षे झाली, पैसे सरकारकडे गेले’ असे सांगण्यात आले. मी काय करावे? — एक वाचक भगिनी, मालवण

उत्तर : आपल्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे, कारण असे जुने कागद कोकणातल्या घरोघरी आहेत आणि असली अर्धवट माहिती ऐकून माणसे ते पुन्हा ट्रंकेत ठेवून देतात.

प्रथम बँकांविषयी. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली की तिची खाती, ठेवी आणि देणी सगळी नव्या बँकेकडे जातात. देना बँक व विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, कॉर्पोरेशन बँक व आंध्रा बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत आणि ओरिएंटल बँक पंजाब नॅशनल बँकेत गेली. आपल्या भागातील विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेचा भाग झाली आहे. पासबुकावरील बँकेचे नाव या यादीशी ताडून पाहा आणि आजच्या नावाच्या जवळच्या शाखेत जा. जुना खाते क्रमांक, शाखेचे नाव आणि पासबुकातील शेवटच्या नोंदीची तारीख अर्जात लिहिली की शोध घेणे शाखेला सोपे होते. पासबुकाचे पहिले पान आणि शेवटचे छापील पान यांच्या प्रती जोडा, मूळ पासबुक मात्र हातातून सोडू नका.

आता ‘सरकारकडे गेले’ या विधानाविषयी. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील आणि मुदत संपून दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवींची रक्कम बँकांना रिझर्व्ह बँकेकडील ‘ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी’त जमा करावी लागते. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २६अ अन्वये २०१४ मध्ये हा निधी सुरू झाला. ही रक्कम जप्त होत नाही, तिच्यावर मुदतीचे बंधन येत नाही, आणि ती मागण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे जावे लागत नाही. दावा आपल्या बँकेकडेच करायचा. बँक आपल्याला पैसे देते आणि मग निधीकडून ते परत मिळवते. व्याज देणाऱ्या ठेवींवर निधीत गेल्यानंतरच्या काळाचे साधे व्याजही मिळते. तो दर ३० जून २०१८ पर्यंत ४ टक्के, तेथून ३.५ टक्के आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के असा आहे. मार्च २०२४ अखेर देशभरातील अशी न मागितलेली रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. हा पैसा कोणत्या तरी घरांतील माणसांनी पोटाला चिमटा घेऊन साठवलेला आहे. तो घराकडे परत जावा म्हणून शाखांनी स्वतःहून धडपड करायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

रक्कम निधीत गेली आहे की नाही हे घरबसल्या पाहता येते. रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ रोजी ‘उद्गम’ नावाचे पोर्टल सुरू केले. मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून यजमानांचे नाव, बँक आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी एक माहिती भरली की नोंद सापडते आणि तिचा संदर्भ क्रमांक मिळतो. नावाची इंग्रजी स्पेलिंगे दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. पोर्टल फक्त माहिती देते, पैसे शाखेतूनच मिळतात. सर्व बँका या पोर्टलवर नाहीत, परंतु प्रत्येक बँकेला अशा ठेवींची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते आणि ज्या सहकारी बँकेचे संकेतस्थळ नाही तिला ती शाखेत उपलब्ध करून द्यावी लागते.

शेवटी वारसाचा प्रश्न. खाते दोघांच्या नावे ‘कोणीही एक किंवा हयात’ अशा पद्धतीचे असेल किंवा आपले नाव नॉमिनी म्हणून असेल, तर मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज आणि आपले ओळखपत्र एवढे पुरते. नॉमिनी पैसे स्वीकारतो तो सर्व वारसांचा विश्वस्त म्हणून, हे मात्र मुलांशी बोलताना लक्षात ठेवा. नॉमिनी नसेल, तरी रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील निर्देशांनुसार १५ लाख रुपयांपर्यंत (सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत) साधी पद्धत आहे: हमीपत्र, अन्य वारसांची ना-हरकत आणि वारस कोण हे दाखवणारा कागद यांवर दावा निकाली काढायचा, न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणण्याचा आग्रह धरायचा नाही. सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली निघाला पाहिजे. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास बँक रेट (रिझर्व्ह बँक जाहीर करते तो दर) अधिक ४ टक्के दराने भरपाईची तरतूद आहे. हे निर्देश ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणण्यास बँकांना सांगितलेले होते. मुदत ठेवीच्या पावतीबाबत एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवा: जुलै २०२१ पासूनच्या नियमानुसार मुदत संपून न मागितलेल्या ठेवीवर पुढे बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांतील जो कमी असेल तोच मिळतो.

तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

प्रश्न : ‘तुमचे खाते आज रात्री बंद होणार आहे, लिंकवर जाऊन केवायसी करा’ असा संदेश आला. खरेच असे होते का? — एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : नाही. दोन वर्षांच्या निष्क्रियतेनंतर होणारी गोष्ट एका रात्रीत होत नाही आणि त्यासाठी ओटीपी किंवा पिन सांगावा लागत नाही. लिंक उघडू नका. उघडून माहिती भरली असेल, तर ताबडतोब बँकेला कळवून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

प्रश्न : पोस्टातील बचत खाते आणि गावच्या पतसंस्थेतील खाते यांनाही हेच नियम लागू आहेत का? — एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : दोन्हींना वेगळे नियम आहेत. पोस्टाच्या बचत खात्यात सलग तीन आर्थिक वर्षे पैसे भरले किंवा काढले नाहीत, तर ते निष्क्रिय मानले जाते. पासबुक आणि नवीन केवायसीसह अर्ज दिल्यावर ते पुन्हा चालू होते. पतसंस्था ही बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते, तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसते आणि बँक ठेवींना मिळणारे पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण तिच्या ठेवींना नसते. त्यामुळे तेथील जुन्या खात्याबाबत संस्थेचे उपविधी (तिचे स्वतःचे नियम) पाहावे लागतील. शिल्लक रकमेचा दाखला सही-शिक्क्यानिशी लेखी मागून घ्या, आणि तो देण्यास टाळाटाळ झाली तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज करा. खाते वापरात नसेल तर शिल्लक काढून घेऊन ते बंद करावे, हे उत्तम.